स्थावराचा भास

“अगं, आता किती वर्षं ते धूड ओढत फिरणार? देऊन टाका आणि एखादी स्टॅटिक घ्या.” गेल्या दोन वर्षांत हा सल्ला आम्हा नवरा-बायकोला किमान वीस जणांनी दिला असेल. दिवाळीच्या जेवणात शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी दिला, साइटवर पलीकडच्या कॅरव्हॅनमधल्या इंग्रज जोडप्याने दिला, ब्रेक तपासून देणाऱ्या मेकॅनिकनेही दिला. सगळ्यांचा सूर एकच, आणि सगळ्यांच्या मनात माया. म्हणूनच त्याला उत्तर देताना ‘आम्हाला फिरायला आवडतं हो’ एवढ्यावर भागत नाही. इंग्लंडमध्ये कॅरव्हॅन बाळगणाऱ्यांत हे मत जवळजवळ आश्रमव्यवस्थेसारखं रुजलं आहे: तरुणपणी तंबू, मुलं झाली की टूरिंग कॅरव्हॅन, साठी उलटली की स्टॅटिक. मला हा क्रमच मान्य नाही. त्यातली चूक वयाविषयीची कमी आणि मालमत्तेविषयीची जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी ही दोन्ही काय प्रकरणं आहेत ते सांगते. टूरिंग कॅरव्हॅन म्हणजे आपल्या मोटारीच्या मागे जोडून नेण्याची चाकांवरची खोली. नेहमीच्या मोटारीने ओढायची तर तिची लांबी ७ मीटर आणि रुंदी २.५५ मीटर यांपुढे जाता येत नाही. आत पलंग, छोटी शेगडी, फ्रिज, संडास. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हे मोटारीच्या पाठीवर. स्टॅटिक कॅरव्हॅन तिच्या दुप्पट-अडीचपट मोठी. ती लॉरीवर लादून आणतात, समुद्रकाठच्या एखाद्या पार्कमध्ये काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवतात, गॅस, वीज, पाणी, सांडपाणी जोडतात आणि खालची चाकं पत्र्याच्या किंवा विटांच्या झालरीने झाकून टाकतात. दोन-तीन बेडरूम, बसायची खोली, पुढे लाकडी व्हरांडा. कुणीही बघितलं तर म्हणेल, टुमदार बंगली आहे.

समोरच्याचं म्हणणं त्याच्या सगळ्या बळासकट आधी मांडावं, मगच त्याला हात घालावा, ही आपल्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त. तेव्हा पूर्वपक्ष असा. टूरर ओढणं हे अंगमेहनतीचं आणि जोखमीचं काम आहे. जोडणं, सोडणं, मागे घेणं, पाण्याचे डबे भरून आणणं, संडासाची टाकी रिकामी करायला नेणं, हे सत्तरीत कोण करणार? स्टॅटिकला शुक्रवारी संध्याकाळी नुसतं जायचं, दार उघडायचं, पाच मिनिटांत चहा. शिवाय टूररवर साइटचं भाडं दर रात्री जातं आणि हाती काही राहत नाही. स्टॅटिक ही आपली स्वतःची. नातवंडांना ‘आजीचं समुद्रावरचं घर’ मिळतं, शेजारी ओळखीचे होतात, पडदे, भांडी, देव जिथल्या तिथे राहतात. शेवटचा मुद्दा आपल्या लोकांना सर्वांत भिडतो: उगाच भटकण्यापेक्षा चार पैसे एका जागेत घातलेले बरे.

या ‘जागेत’ शब्दापाशीच मी पहिल्यांदा थांबते. माझी नोकरीची बावीस वर्षं लीड्समध्ये सॉलिसिटरांच्या कचेरीत मालमत्तेची कागदपत्रं वाचण्यात गेली, म्हणून असेल, पण स्टॅटिक विकत घेणाऱ्याचे पैसे जागेत जात नाहीत हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं. ते पैसे एका वस्तूत जातात. दिसते ती वास्तू, कायद्याने असते ती वस्तू.

आपल्याकडे स्थावर आणि जंगम ही विभागणी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इंग्लंडच्या कायद्यातही ती आहेच, आणि स्टॅटिक कॅरव्हॅन तिच्या जंगम बाजूला पडते. तसं का होतं, हे समजण्यासारखं आहे. कॅरव्हॅनची कायदेशीर व्याख्या १९६० च्या कॅरव्हॅन साइट्स कायद्यात आली आणि १९६८ च्या कायद्याने ती पुढे स्पष्ट केली. तिचा गाभा असा, की माणसाला राहण्यासाठी केलेली आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येण्यासारखी रचना म्हणजे कॅरव्हॅन. हलवता येणं ही अटच आहे. ती हलवता येत नसेल तर ती कॅरव्हॅन उरत नाही, इमारत होते, आणि कॅरव्हॅन ठेवायच्या परवानगीवर चालणाऱ्या पार्कमध्ये इमारतीला जागा नाही. म्हणजे पार्कवाल्याचा सगळा धंदा ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती गोष्ट म्हणजे तुमची ‘स्टॅटिक’ कधीही उचलता येते ही. तिच्या नावात स्थिरता आहे आणि तिच्या अस्तित्वाची अट चलता आहे.

याची दुसरी बाजू एका गाजलेल्या निकालात दिसते. वेल्समध्ये स्वान्सीजवळ गावर द्वीपकल्पावर काही जुन्या लाकडी बंगल्या होत्या, काँक्रीटच्या खांबांवर नुसत्या टेकलेल्या. जमिनीच्या मालकाला त्या उठवायच्या होत्या. बंगली ही जमिनीचा भाग की वेगळी वस्तू, एवढ्यावर खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९९७ चा हा एलिटस्टोन खटल्याचा निकाल. न्यायमूर्तींनी ठरवलं, की जी मोडल्याशिवाय हलवता येत नाही ती बंगली जमिनीचाच भाग. त्यामुळे तिथे राहणाऱ्याला भाडेकायद्याचं संरक्षण मिळालं आणि तो वाचला. आता हाच तर्क आपल्या टुमदार स्टॅटिकला लावून बघा. ती मोडावी लागत नाही, लॉरीवर चढते. म्हणून ती जमिनीचा भाग नाही, आणि म्हणून त्या रहिवाशाला वाचवणारी ढाल तिच्या मालकाला नाही.

मग त्याला मिळतं काय? एक लायसन्स. पुण्या-मुंबईत ज्यांनी अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर घर दिलं किंवा घेतलं आहे, त्यांना हा शब्द अधिक समजावायला नको. लायसन्समध्ये वापरायची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाही. सुट्टीच्या पार्कमधल्या स्टॅटिकचा करार याच जातीचा: ठरावीक वर्षांची मुदत, बहुधा पंधरा-वीस, वर्षातले बहुधा साडेदहा महिने वापर, तुमचं कायमचं घर दुसरीकडे आहे याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल दाखवणं, आणि दर वर्षी पिचचं, म्हणजे कॅरव्हॅन उभी असते त्या जागेचं, भाडं. कायमच्या राहण्यासाठी असलेल्या पार्कमधल्या लोकांना १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याने चांगलं संरक्षण दिलं आहे. तिथे घर विकताना पार्कमालकाला जास्तीत जास्त दहा टक्के कमिशन घेता येतं, आणि २०१३ पासून विक्रीत खोडा घालण्याचे त्याचे मार्गही बंद केले गेले. पण सुट्टीचा परवाना असलेली पार्क्स या कायद्याबाहेर आहेत. तिथे कमिशन करारात लिहिलेलं तेच, आणि पंधरा टक्के अधिक व्हॅट ही मी वाचलेल्या करारांत वारंवार दिसलेली रक्कम आहे. अन्यायकारक अटींविरुद्ध २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे खरा. पण तो कोर्टात लढून मिळवायचा दिलासा आहे, दारावर लावायचं कुलूप नव्हे.

मला या व्यवहारात मुंबईची पागडी दिसते. आधी ठोक रक्कम द्यायची, मग भाडं भरत राहायचं, आणि जागा दुसऱ्याला देताना मालकाला हिस्सा द्यायचा. हुबेहूब तेच. फरक असा, की पागडीच्या भाडेकरूच्या पाठीशी भाडेनियंत्रण कायदा उभा राहिला, १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने तर पागडी देणं-घेणं कायदेशीरच केलं. दक्षिण मुंबईत तिसरी पिढी त्या जोरावर राहते आहे. स्टॅटिकवाल्याची तिसरी पिढी सोडाच, त्याची स्वतःची कॅरव्हॅनसुद्धा मुदतीपलीकडे त्या चौथऱ्यावर राहीलच असं नाही. ज्या समाजाने पागडीच्या खोल्या जिवापाड जपल्या, त्या समाजातल्या शहाण्या माणसांनी संरक्षण नसलेली पागडी ‘गुंतवणूक’ म्हणून घ्यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

करावरून एक युक्तिवाद हमखास येतो. टूररवर २० टक्के व्हॅट, स्टॅटिकवर फक्त ५. म्हणजे सरकारही स्टॅटिकला घरासारखंच मानतं ना? नाही. त्या ५ टक्क्यांमागे घराविषयीची भूमिका नाही, एक आंदोलन आहे. २०१२ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी सुट्टीच्या स्टॅटिकवर पूर्ण २० टक्के लावायचं ठरवलं होतं. हल शहर आणि आसपासच्या भागात स्टॅटिकच्या कारखानदारीचा पसारा आहे, हजारोंचं पोट त्यावर. तिथून इतका विरोध झाला की सरकारला माघार घ्यावी लागली आणि एप्रिल २०१३ पासून ५ टक्के लागू झाले. कारखान्यातल्या नोकऱ्या वाचल्या, ते उत्तमच झालं. पण त्या आकड्यातून मालकाचे हक्क निघत नाहीत.

आता पैसा. इथे मी खरे बाजारभाव सांगत नाही, ते साइटगणिक आणि वर्षागणिक बदलतात. हिशेबाची रीत दिसावी म्हणून काही आकडे मानून चालू. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा ५०,००० पौंडांची नवी स्टॅटिक घेतली आणि पंधरा वर्षांनी ती ५,०००ला गेली. म्हणजे वर्षाला ३,००० पौंड घसारा. पिचचं भाडं ५,०००. विमा, गॅस तपासणी, हिवाळ्याआधी नळ्या रिकाम्या करून घेणं वगैरे मिळून ८००. एकूण ८,८००, तुम्ही जा अथवा जाऊ नका. टूरर समजा २४,०००ची, बारा वर्षांनी ६,०००ला विकली: वर्षाला १,५००. ठेवायच्या जागेचे ५००, विमा ३००, सर्व्हिस ३००. ओढायला थोडी दणकट मोटार लागते आणि डिझेल जास्त जळतं, त्याचे आणखी १,००० धरू. झाले ३,६००, आणि वर दर रात्री साइटचे ३० पौंड. वर्षाला चाळीस रात्री गेलात तर टूररची एक रात्र १२० पौंडांना पडते आणि स्टॅटिकची २२० ला. या आकड्यांनी दोन्ही बरोबरीला येतात त्या १७३ रात्रींवर. वर्षातल्या १७३ रात्री! स्टॅटिक घेतलेल्या माझ्या ओळखीच्या कुणीही, निवृत्त झाल्यावरसुद्धा, एवढ्या रात्री तिथे काढलेल्या नाहीत. मुलीचं बाळंतपण, भारतातली दोन महिन्यांची फेरी, गुडघ्याचं ऑपरेशन, यांतून उरतं ते उरतं.

‘भाडं वाया जातं’ हा पूर्वपक्षाचा मुद्दा म्हणूनच मला उलटा दिसतो. टूररचं भाडं ज्या रात्री झोपलो त्या रात्रीचं असतं. स्टॅटिकचं भाडं न झोपलेल्या रात्रींचंही असतं.

या क्रमाला नैसर्गिक म्हणणाऱ्यांनी त्याचा इतिहासही तपासलेला नसतो. हौसेची फिरती कॅरव्हॅन इंग्लंडात सुरू केली ती गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने. ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात त्याने ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली दोन घोडे जुंपून बर्कशरमधल्या ट्वायफर्डपासून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेला. १९०७ मध्ये निघालेल्या कॅरव्हॅन क्लबचा तो पहिला उपाध्यक्ष. मोटारीने ओढायच्या कॅरव्हॅन १९१९ पासून कारखान्यात होऊ लागल्या. ही एक वंशावळ. स्टॅटिकची वंशावळ वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनंतर घरांची भीषण टंचाई झाली आणि हजारो कुटुंबं शेतांच्या कडेला, माळावर, जुन्या कॅरव्हॅनमध्ये राहू लागली. सर आर्टन विल्सन यांनी १९५९ साली यावर सरकारला अहवाल दिला आणि त्यातूनच वर सांगितलेला १९६० चा कायदा आला. समुद्रकाठीही तेव्हा जुन्या टूरर, निकामी बस, रेल्वेचे डबे आणून उभे केले जात. मोठ्या, न हलणाऱ्या कॅरव्हॅनची मागणी या मातीत वाढली. एकीचा उगम हौसेत, दुसरीचा निवाऱ्याच्या गरजेत. टूरर वयात आली की तिची स्टॅटिक होते, असं त्यात कुठेच नाही.

वयाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. माझा नवरा बहात्तर वर्षांचा आहे, मी अडुसष्ट. गेल्या वर्षी यॉर्कशर डेल्समधल्या एका अरुंद बोळात समोरून ट्रॅक्टर आला आणि आम्हाला शंभरेक यार्ड मागे जावं लागलं. मी खाली उतरून हाताने खुणा करत होते, ते घामाघूम होऊन मागे घेत होते. साइटवर पोचल्यावर अर्धा तास दोघंही काही बोललो नाही. तेव्हा ‘झेपत नाही’ म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

पण झेपत नाही ते नेमकं काय, हे वेगळं काढून बघितलं पाहिजे. ढकलणं झेपत नसेल तर मोटर मूव्हर आहे: चाकांना लागून बसणारे छोटे विजेचे रूळ, हातातल्या रिमोटने कॅरव्हॅन इंचाइंचाने फिरवता येते. पिचवर बसवण्यात आम्ही आता हात लावत नाही. डोलण्याची भीती असेल तर स्टॅबिलायझरचा आकडा बसवता येतो, आणि भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, हा जुना सल्ला पाळला तर निम्मी भीती उरतच नाही. जड सामान चाकांच्या आसावर, तळाशी, मधोमध. मागच्या टोकाला काही नाही. कायद्यानेच मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये जायला बंदी आहे, म्हणजे घाई करायची मुभाही नाही. वाहन परवाना सत्तरीला आणि पुढे दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो, त्यात ओढण्याचा हक्क आपोआप जात नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून तर साधा मोटारीचा परवाना असलेल्या कुणालाही ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. म्हणजे मुलगा किंवा सून एका दिवसापुरती येऊन कॅरव्हॅन नेऊन ठेवू शकते, वेगळी परीक्षा न देता.

आणि डोळे, मान, प्रतिक्रिया मंदावल्या म्हणून ओढणं थांबवायची वेळ आली, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. बहुतेक स्टॅटिक पार्क्स रेल्वे स्टेशनपासून दूर, किनाऱ्याच्या एका टोकाला असतात. लीड्सहून तिथे जायला दीड-दोन तासांची मोटार चालवणं आलंच. नुसती मोटार चालवणं ओढण्यापेक्षा सोपं आहे, हे कबूल. पण या दोन्हींमधलं अंतर माणूस समजतो त्याहून कमी असतं. वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली नाही की मोटार थांबते, आणि मोटार थांबली की स्टॅटिकही हातची जाते. भाडं मात्र चालू राहतं. टूरर त्या दिवशी विकून मोकळं होता येतं.

घरपणाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, कारण तो मला स्वतःला ओढतो. आमच्या मित्रांपैकी एक जोडपं, दोघंही डॉक्टर, यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी टूरर देऊन स्टॅटिक घेतली. आम्ही गृहप्रवेशाला गेलो होतो. दारापुढच्या फळ्यांवर रांगोळी होती, आत गणपती, सत्यनारायणाचा शिरा. त्यांच्या नातवाने तिथल्या वाळूत चालायला सुरुवात केली. हे सुख खरं होतं, आणि माझ्या कुठल्याही हिशेबात ते मावत नाही. मग पार्कचे मालक बदलले. नव्या मालकाने भाडं वाढवलं. समुद्रासमोरची ओळ नव्या मॉडेलसाठी राखायची ठरली आणि त्यांना पत्र आलं: मुदत संपेपर्यंत मागच्या ओळीत या, किंवा आमच्याकडून नवी घ्या. दुसरीकडे हलवायची म्हटली तर दुसरी पार्क्स जुनी कॅरव्हॅन घेईनात, कारण तीही नव्या विकतात. शेवटी त्यांनी ती पार्कलाच दिली, मिळेल त्या किमतीला. मी करार वाचला. त्यांची फसवणूक झाली असं मला म्हणता येईना. सगळं लिहिलेलं होतं. फक्त सही करताना ते दोघं घर बघत होते, करार बघत नव्हते.

त्या जोडप्यातल्या माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी तेव्हा विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही: “आपलं होतं ना ते? मग काढलं कसं?”

यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर, होल्डरनेसला, हीच गोष्ट निसर्गही सांगतो. चिकणमातीचे ते कडे समुद्र सतत खातो, सरासरी वर्षाला दोनेक मीटर, आणि एखाद्या वादळी रात्री एकाच ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. रोमन काळापासून तिथली गावंच्या गावं पाण्यात गेली आहेत. कड्यावरच्या पार्क्सना पुढच्या ओळी उठवून मागे न्याव्या लागतात. स्किप्सीच्या बाजूला उभं राहिलं की रस्ता मध्येच तुटून हवेत संपलेला दिसतो. तिथे झालरीमागे झाकलेली चाकं पुन्हा बाहेर काढली जातात. चालतं ते वाचतं, हे वीरशैवांनी बाराव्या शतकात जंगमाला मान देऊन सांगितलं, ते वेगळ्या अर्थाने. पण तो शब्द मला त्या कड्यावर दर वेळी आठवतो.

आता मंडन. घरपण जागेतच मिळतं, हे मला मान्य नाही. आमच्या टूररचे पडदे एकोणीस वर्षांपूर्वी मी शिवले. पोळपाट-लाटणं, सांडशी, छोटा कुकर तिच्यातच राहतात. नॉर्थम्बरलंडच्या एका शेतावर पाचच कॅरव्हॅनना परवानगी आहे. १९६० च्या कायद्याने क्लबांना दिलेल्या सवलतीतून अशी छोटी जागा शेतकऱ्याला ठेवता येते. तिथली शेतकरीण आम्हाला दर जूनमध्ये अंडी आणून देते. पेम्ब्रोकशरमध्ये दुसरं असं शेत, लेक डिस्ट्रिक्टमध्ये तिसरं. शेजार एकच हवा असं थोडंच आहे. आपल्या परंपरेत यती आठ महिने फिरत आणि पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहत. आमच्या कॅरव्हॅनचा चातुर्मास हिवाळ्यात, कुंपण असलेल्या एका आवारात होतो. त्याने तिचं घरपण कमी होत नाही.

आणि फिरणं खरंच नको झालं असेल, तर टूरर आणि स्टॅटिक यांच्या मधला रस्ता आहे, जो सल्ला देणारे का विसरतात कळत नाही. सीझनल पिच. मार्च-एप्रिलमध्ये टूरर एकदा नेऊन ठेवायची, ऑक्टोबरमध्ये एकदा आणायची. मधले सात महिने ती तिथेच, वीज-पाण्यासह. शुक्रवारी नुसतं जायचं, दार उघडायचं, पाच मिनिटांत चहा. मी चौकशी केलेल्या ठिकाणी त्याचं भाडं स्टॅटिकच्या पिचच्या निम्म्याच्या आसपास होतं. जागा पटली नाही, मालक बदलला, समुद्र पुढे सरकला, तर पुढच्या वर्षी दुसरीकडे. काही साइटवर कॅरव्हॅन त्यांच्याच आवारात ठेवतात आणि तुम्ही येण्याआधी पिचवर आणून, सपाट करून, वीज जोडून देतात. ओढणंच नको, त्यांच्यासाठी हे आहे.

स्टॅटिक कुणीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. व्हीलचेअर लागणारं माणूस घरात असेल तर टूररचा दरवाजा अरुंद, न्हाणी त्याहून अरुंद. तिथे स्टॅटिकची रुंदी हे वरदान आहे. तीन पिढ्या खरोखर एकत्र जाणार असतील, आणि किनारा तासाभराच्या अंतरावर असेल, तर रात्रींचा हिशेब बदलतो. ज्यांना ती रक्कम पंधरा वर्षांत संपून जाणार हे डोळ्यांसमोर ठेवून, भाड्याने घेतलेल्या सुखासारखी खर्च करायची आहे, त्यांना मी अडवणार नाही. माझा विरोध आहे तो ‘गुंतवणूक’ या शब्दाला आणि ‘वय झालं की हेच’ या गृहीतकाला.

डिसेंबरात त्या दिवाळीच्या जेवणातल्या डॉक्टरांचाच फोन आला. स्वतःच स्टॅटिक बघून आले होते, लिंकनशरच्या किनाऱ्यावर, आणि विक्रेत्याने आठवडाभराची मुदत दिली होती. करार पाठवता का, म्हटलं. वाचून तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: लायसन्स नेमकं कोणत्या तारखेला संपतं, कितव्या वर्षी कॅरव्हॅन जुनी ठरवून काढायला लावता येते, आणि तिऱ्हाइताला विकताना पार्क किती घेतं. तिन्हींची उत्तरं लेखी. विक्रेत्याने दोनच लिहून दिली. मग मी त्यांना सुचवलं, की टूरर अजून दारात आहे तर एप्रिल ते ऑक्टोबर तिथेच जवळ सीझनल पिच घ्या, आणि प्रत्येक मुक्कामाची रात्र कॅलेंडरवर मांडा. वहिनींनी स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलं आहे, त्यावरच मांडणार आहेत. ऑक्टोबरमध्ये आकडा मला कळवतील.